साडेसतरा विती

१

मालसुनच्या पत्राला प्यो गुरुजींनी उत्तर दिलं नव्हतं. त्याला आठ वर्षं झाली होती.

पत्र गहाळ झालं असतं तर एक वेळ सुटका झाली असती. पण ते शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात होतं, आणि गुरुजी तो खंड उघडायचं टाळत असल्यामुळे कुठल्या पानात आहे हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. पत्र कसलं, पाच-सहा ओळी. ‘गुरुजी, बाबा रोज एकच बोलतात. मी भाला वीस विती दिला होता. आणि दुसरं म्हणतात, पात्याची शेपटी कुठं बसली होती ते कुणी पाहिलं का? तुम्ही शिकलेले. तुम्ही पाहिलं होतं का, एवढंच कळवा. गुक मालसुन, मोकपो.’

चार वेळा त्यांनी उत्तराला सुरुवात केली होती. चारही वेळा हवापाणी लिहून झालं, प्रकृतीची विचारपूस लिहून झाली आणि लेखणी थांबली. कारण खरं उत्तर दोन शब्दांचं होतं. ‘पाहिलं नव्हतं.’ हे दोन शब्द लिहायला लागणारी छाती गुरुजींकडे कधीच नव्हती. शाळेत पस्तीस वर्षं चिनी अक्षरं शिकवली, तेव्हाही मागच्या बाकावरच्या पोरांना ते खडूशी बोलतात असं वाटायचं.

प्रकरण होतं नऊ वर्षांपूर्वीचं. गावात वस्ताद नामगुंग यांचा भाल्यांचा आखाडा होता. तिथला मोठा बांबूचा भाला एरवी भिंतीवरच असायचा. वर्षातून एकदाच, चौथ्या महिन्यात, लढाईत पडलेल्या पूर्वजांच्या पूजेच्या दिवशी खाली उतरायचा. त्या एका दिवशी खऱ्या पात्यानिशी वस्ताद आणि त्यांचा एक शिष्य समोरासमोर उभे राहत आणि सगळं गाव बघायला लोटे. त्या वर्षी समोर जी थेरिम होता, चोवीस वर्षांचा. शेवटच्या हाताला वस्तादांनी दांडा जमिनीवर आपटून वर उचलला, बांबूचं तोंड उकललं आणि फुटक्या तोंडासकट पातं सुटून थेट थेरिमच्या गळ्यात शिरलं. पोरगा उभ्याचा खाली बसला, मग आडवा झाला. मडकं भरायला लागतो तेवढा वेळही गेला नाही.

भाला बनवला होता गुक दोकबोनं. पोलिसांनी गुरुजींना बोलावलं, कारण राजाच्या काळचा, चिनी अक्षरांतला युद्धकलेचा ग्रंथ वाचता येणारा पंचक्रोशीत दुसरा माणूस नव्हता. गुरुजींनी तुकडे जुळवून आपल्या वितीनं मोजले आणि जबाब दिला : ग्रंथात वीस विती सांगितलाय, हा साडेसतरा आहे. कारागिरानं ग्रंथ पाळला नाही.

खटला झालाच नाही. गरजच पडली नाही. त्या एका वाक्यानंतर दोकबोकडून साधी टोपली घ्यायलाही कुणी जाईना. वर्षाच्या आत तो लेकीकडे मोकपो बंदरात निघून गेला.

आता आखाडा पाडून तिथून रस्ता जाणार होता. लोणच्यासाठी कोबीचे ढीग दारोदारी पडलेले, धुकं दुपारपर्यंत उठत नव्हतं, अशा एका सकाळी वस्तादांचा थोरला शिष्य योम दलसू याचा निरोप आला, गुरुजींनी आपली पुस्तकं घेऊन जावीत.

गुरुजी आत शिरले तेव्हा दलसू दोन मजुरांना घेऊन भिंतीलगतचं शस्त्रांचं जाडजूड कपाट ओढत होता.

“या गुरुजी! तुमची पुस्तकं तुमच्यापेक्षा जड झालीत. काय खायला घालता त्यांना?”

गुरुजी नेहमीसारखं ओशाळं हसले. तेवढ्यात कपाट सरकलं आणि त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं.

भिंतीचा कागद कोळशाच्या धुरानं चहासारखा तपकिरी झाला होता. त्यावर रिकाम्या खुंट्यांच्या रांगेत एक लांबलचक फिकट पट्टा होता, तिथं भाला सव्वीस वर्षं टांगलेला होता. तो पट्टा लोकांनी पूर्वीही पाहिला होता. पण त्याचं टोक कपाटामागं होतं. टोक आज उघडं पडलं होतं, पात्याच्या आकारासकट.

गुरुजी भिंतीपाशी गेले आणि अंगठा-करंगळी ताणून मोजू लागले. मजूर एकमेकांकडे बघून हसले. सोळा. सतरा. अठरा.

वीस.

पुन्हा उलटीकडून मोजलं. वीसच.

२

“दलसू,” भिंतीवरचा हात न काढता गुरुजींनी विचारलं, “हे कपाट इथं केव्हा आणलं रे?”

“केव्हा म्हणजे? कायमचं इथंच आहे.” दलसूनं हात झटकले. मग थांबला. “नाही नाही. आधी दारापाशी होतं. थेरिम गेला ना, त्याच वर्षी हलवलं. पूजेच्या महिनाभर आधी. मीच तर ढकललं, चार दिवस कंबर धरली होती.”

“कुणी सांगितलं हलवायला?”

“वस्तादांनी. दारातून ओल येते म्हणाले. का हो?”

गुरुजींनी भिंतीकडे बोट केलं. दलसू बघत राहिला. तो मंद नव्हता. बांबूच्या टोपल्यांचा धंदा तीन तालुक्यांत करत होता. त्याच्या चेहऱ्यावरची गंमत हळूहळू उतरली.

“मोजलंत?”

“दोनदा.”

“तुमची वीत आता आखडली असेल. म्हातारपणी माणूस आखडतो.”

“खरंय, वीत आखडली तर आकडा वाढतो, दलसू. म्हणून तू वितीच्या जुन्या मापपट्टीनं मोजून घे.”

त्यानं मोजलं. वीस, वर दोन बोटं. मजुरांना त्यानं चहाला पिटाळलं आणि दार लावून घेतलं.

“म्हणजे म्हातारा गुक खरं बोलत होता,” तो म्हणाला. “आणि आपण सगळ्यांनी त्याला गावाबाहेर काढला.”

“मी काढला,” गुरुजी म्हणाले. “तुम्ही फक्त माझं ऐकलंत.”

दलसू अवघडून म्हणाला, “गेल्या आठवड्यात मोकपोला माल घेऊन गेलो होतो. मासळी बाजारात मालसुन दिसली, समुद्री शेवाळाचे वाळवलेले ताव विकत होती. बाप अंथरुणाला खिळलाय म्हणाली. पेजही जात नाही. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलंय.”

गुरुजी खाली बसले. आठ वर्षं ज्या उत्तराला त्यांनी उद्यावर ढकललं, त्या उत्तराचे उद्या आता बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

“ते पातं कुठंय?” त्यांनी विचारलं.

“पोलिसांनी परत केलं तेव्हा वस्तादांनी पेटीत ठेवून कुलूप घातलं. पूर्वजांचं लोखंड, टाकून देता येत नाही. ती बघा तिथं. किल्ली मला काल दिली त्यांच्या बाईंनी. पण मी उघडणार नाही हां. माझ्या मांडीवर गेलाय थेरिम. त्याचं रक्त असेल त्यावर.”

“मी उघडतो.”

“तुम्ही?” दलसूला खरंच आश्चर्य वाटलं. “तुम्ही तर कोंबडी कापताना घरात जाता.”

गुरुजींनी किल्लीसाठी हात पुढे केला. किल्ली मिळेपर्यंत तो तसाच पुढे ठेवला.

पेटीत पांढऱ्या कापडात ते पातं होतं, चार बोटं रुंद, गंजून काळवंडलेलं. खाली बांबूचं फुटकं तोंड अजून दोरीनं बांधलेलं होतं. त्यातून पात्याची दांड्यात बसणारी लोखंडी शेपटी दिसत होती. लाल गोंडा वाळून तपकिरी झाला होता.

“दलसू, तू बांबूतला माणूस. इतकं सांग, शेपटी कुठं बसवतात?”

“पेरावर, सांध्याच्या गाठीवर. पेराच्या आत पडदा असतो ना, त्याला भोक पाडून शेपटी त्यातून आरपार न्यायची. मग दणका बसला तर पडदा झेलतो. दोकबोकाका तर पडद्याला दोन वेळा माशाचा सरस लावायचे. मी पोर असताना त्यांच्याकडेच बांबू तासत बसायचो.”

“आणि पेर सोडून मधेच बसवली तर?”

“तर मग बांबू कशाला म्हणायचं? नळी झाली ती. आतून पाचर मारल्यासारखं होईल. चार-पाच दणक्यांत उभी चीर.” बोलता बोलता तो वाकला आणि त्यानं त्या फुटक्या तोंडात पहिल्यांदाच डोकावून पाहिलं.

पडदा नव्हता. गुळगुळीत पोकळी होती. आणि बांबूचं भोक शेपटीपेक्षा रुंद होतं म्हणून मधल्या फटीत काहीतरी ठासून भरलेलं होतं.

गुरुजींनी चष्मा पुसला, पुस्तकाची पानं सोडवायचा चिमटा खिशातून काढला आणि ते ओढून बाहेर घेतलं. कागद होता. जाड, हातानं बनवलेला, घट्ट पिळलेला. एका बाजूला रोगण, एका बाजूला काळा डाग. त्यांनी तो उलगडला.

अक्षर त्यांचं स्वतःचं होतं.

३

बाहेर मजूर कशावरून तरी भांडत होते.

“तुम्ही?” दलसू शेवटी म्हणाला, आणि नकळत एक पाऊल मागे सरला.

“मूर्खासारखं बोलू नको. हे धड्याचं पान आहे.” गुरुजींना स्वतःचाच आवाज चढलेला ऐकून नवल वाटलं. “त्या हिवाळ्यात मी तुम्हा तिघांसाठी ग्रंथातली पानं उतरवून देत होतो. तुला त्रिशूळाचं दिलं होतं, थेरिमला घोड्यावरच्या भाल्याचं. आणि हे लांब बांबूच्या भाल्याचं. कोपऱ्यात बघ, मी तारीख घालतो. दुसऱ्या महिन्याची दहावी. पूजेच्या दोन महिने आधी.”

“आणि भाला त्याच्या सव्वीस वर्षं आधीचा.”

“सव्वीस वर्षं आधी दोकबोनं माझं हे पान कुठून आणायचं?”

दोकबो सुटला होता. एका कागदाच्या बोळ्यानं सुटला होता, आणि तो बोळा नऊ वर्षं इथं, गुरुजींच्या घरापासून शंभर पावलांवर पेटीत पडून होता. मालसुननं तर कुठं बघायचं तेही लिहिलं होतं.

“हे पान कुणाला दिलं होतंत?” दलसूनं विचारलं.

“वस्तादांना. पण ते इथं खोक्यात राहायचं. कुणीही घेतलं असतं. तूसुद्धा.”

“मी कशाला...” दलसू थबकला. मग कडवट हसला. “बोला की. योम दलसूला थेरिम डोळ्यांत सलायचा. हे अख्ख्या गावाला माहीत होतं.”

“सलायचा का?”

“सलायचा. बारा वर्षं मी झाडू मारला या आखाड्यात. आणि तो तीन वर्षांपूर्वी आलेला. त्या वर्षीच्या पूजेला काय झालं आठवतंय ना? दारूचा पहिला प्याला पूर्वजांना वस्तादांनी ओतायचा. दरवर्षी तेच ओततात. त्या दिवशी ते म्हणाले, थेरिम ओतेल. अख्ख्या गावासमोर! माझ्याकडे बघितलंही नाही. तेव्हाच समजलो, गादी त्याची. मी मागच्या मागे जाऊन रडलो, गुरुजी. चाळिशीला आलेला घोडा मी. आणि तासाभरानं त्याचं डोकं माझ्या मांडीवर.”

गुरुजींनी हातातलं पान मांडीवर सपाट केलं. मग त्यांनी विचारलं, “प्याला कसा ओततात रे?”

“म्हणजे? उजव्या हातानं. डावा हात मनगटाखाली धरून. शेंबड्या पोराला माहीत आहे.”

“आणि उजवा हात वर उचलतच नसेल तर?”

“तर डाव्यानं...” दलसू हसणार होता. “डाव्यानं पूर्वजांना? त्यापेक्षा माणूस दुसऱ्याला...”

दलसूनं स्वतःचा उजवा हात उचलून बघितला.

गुरुजी हळूहळू, चुकत माकत बोलू लागले, जणू कुणी लगेच खोडून काढील. “माझं चुकत असेल. माझं मागंही चुकलंय. पण बघ. कुणाला जीवच घ्यायचा असता तर पातं कुठल्या दणक्याला सुटेल आणि कुणीकडे उडेल हे तो कसं ठरवणार? ते धरणाऱ्याच्याही अंगावर येऊ शकतं. मारायला कुणी भाला आखूड करत नाही. भाला आखूड करतात तो उचलायला. टोकाकडून अडीच विती कापल्या की पुढचं वजन मनगटावरून उतरतं.”

“पण तो माणूस मीही असू शकतो.”

“तू? तू असतास तर पेर बघून कापला असतास. तू, थेरिम, दोकबो, तुम्ही सगळे बांबूच्या बेटात वाढलेले. पेर सोडून मधे करवत लावणं तुमच्या हातून झोपेतही व्हायचं नाही. हे ज्यानं केलं त्याला बांबू कळत नव्हता. त्याच्या लेखी दांडा म्हणजे भरीव लाकूड, कुठंही कापा.” गुरुजींनी पान घडी करून पाकिटात ठेवलं. “आपल्या गावात लाकडी दांड्याच्या मुलखातून आलेला माणूस एकच.”

वस्ताद नामगुंग लढाईच्या वर्षी उत्तरेकडून, बर्फाच्या डोंगरातून पायी उतरून आले होते. पाठीवर बायको आणि हातात लाकडी भाला, असं गावात अजून सांगत.

“मी येऊ तुमच्याबरोबर?” दलसूनं विचारलं.

गुरुजींना हो म्हणायचं होतं. “नको,” ते म्हणाले. “जबाब मी एकट्यानं दिला होता.”

४

वस्तादांच्या घरी फरशी खालच्या विस्तवानं तापलेली होती, तरी खोलीत ओल असल्यासारखं वाटत होतं. वस्ताद भिंतीला टेकून बसले होते. ऐंशी वर्षांचे, पाठ अजून ताठ. उजवा हात मांडीवर ठेवलेला, ठेवलेल्या वस्तूसारखा. त्यांच्या बाई कोपऱ्यात कोबीच्या पानांत मिरचीचा मसाला भरत होत्या, कोपरापर्यंत लाल.

“पुस्तकं मिळाली?” वस्तादांनी विचारलं.

“मिळाली. त्यात एक पानही मिळालं. तुम्हाला दिलेलं.”

गुरुजींनी पाकीट उघडून ते पान त्यांच्यापुढे फरशीवर ठेवलं. वस्तादांनी उचललं नाही. बाईंचे हात थांबले.

“पडद्यामागं कपाट लावलं होतं,” गुरुजी म्हणाले आणि गोंधळले. “म्हणजे, पट्ट्यासमोर. आज ते हललं. पट्टा वीस विती आहे.”

“तू विचारायला आलायस की सांगायला?”

“मला... मला वाटलं होतं विचारायला. पण आता सांगायलाच आलोय, वस्ताद. तुमचा खांदा त्या हिवाळ्यात गेला होता.”

वस्तादांनी खिडकीला लावलेल्या कागदाकडे नजर वळवली. बोलले तेव्हा आवाज शांत होता.

“बर्फावरून पडलो होतो. कुणाला बोललो नाही. वस्तादाचा हात गेला म्हटलं की आखाडा गेला. एक दिवसाचा प्रश्न होता, प्यो. वर्षातून एक दिवस. पुढच्या वर्षी थेरिमला उभा करायचा आणि मी बाजूला व्हायचं, असं ठरवलं होतं. भाला थोडा हलका केला. लाकूड असतं तर पन्नास वर्षं टिकला असता.”

“आणि दोकबो?”

“मी त्याचं नाव घेतलं नाही.”

“नाही. ते मी घेतलं. तुम्ही फक्त गप्प बसलात. आपण दोघांनी मिळून केलं ते.” गुरुजी जरा पुढे सरकले. “तो मरायला टेकलाय, वस्ताद. मोकपोला. मी आज पत्र लिहिणार आहे. खाली सहीच्या जागी तुमचा शिक्का असेल तर त्याला... तर तो माझ्या एकट्याच्या शब्दापेक्षा जड पडेल. माझा शब्द त्यानं एकदा ऐकलाय.”

वस्तादांनी प्रथमच त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

“थेरिमची आई चार घरं पलीकडे राहते. दर नव्या वर्षाला ती मला वाकून नमस्कार करायला येते. माझ्या पोराला तुम्ही माणूस केलंत, म्हणते. ते तिला कळू दे म्हणतोस?” थोडं थांबून ते म्हणाले, “दोन हिवाळे थांब. फार तर दोन. मी मेल्यावर लिही. सगळं लिही, मी नाही म्हणणार नाही.”

चाळीस वर्षांत वस्तादांनी गुरुजींकडे काही मागितलं नव्हतं. आणि थांबणं ही एकच गोष्ट गुरुजींना जन्मभर चांगली जमली होती. ‘बरं’ हा शब्द त्यांच्या जिभेवर येऊन बसलाही.

“दोकबो आधी गेला तर?” त्यांनी विचारलं.

डाव्या हातानं वस्तादांनी ते पान गुरुजींकडे परत सरकवलं.

“शिक्का मिळणार नाही,” ते म्हणाले. “जा आता.”

५

गुरुजी फाटकाबाहेर पडून पन्नास पावलं गेले असतील. मागून रबरी चपलांची घाईची फटफट आली.

“गुरुजी! अहो, थांबा की. केवढे चालता!”

वहिनी होत्या, वस्तादांच्या बाई. हात तसेच लाल, मसाल्यानं माखलेले. धुवायलाही थांबल्या नव्हत्या. धापा टाकत त्या म्हणाल्या, “दुसरं टोक कुणी धरलं होतं, ते विचारलं नाहीत तुम्ही.”

“कसलं टोक?”

“एवढा लांब भाला एक हात गेलेला माणूस एकट्यानं कापतो होय? पुस्तकात असतं का असं?” त्या हसल्या नाहीत. “मी धरलं होतं. मागच्या अंगणात. मडक्यांच्या फळीवर टेकवून. कागद पिळून मीच आत भरला. त्यांची बोटं वळत नव्हती. जो कागद हाताला लागला तो भरला. त्यावर काय लिहिलंय मला काय कळतंय?”

गुरुजींनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

“थेरिमला त्यांच्या हाताचं माहीत होतं,” वहिनी म्हणाल्या. “पूजेआधी रोज सकाळी दार लावून सराव करायचे दोघं. पोरानं पहिल्याच दिवशी ओळखलं. मला म्हणाला, काकू, वस्तादांना सांगू नका मला कळलंय म्हणून. त्यांना वाईट वाटेल.” त्यांनी मनगटानं नाक पुसलं, गालावर लाल रेघ उमटली. “त्याच्या आईला काय सांगायचं ते मी सांगेन. आज नाही. पण मी सांगेन, माझ्या तोंडानं. तुमचं पत्र तुम्ही लिहा.”

“वहिनी, वस्ताद...”

“ते ओरडतील. ओरडू देत. नऊ वर्षं घरात कुणी ओरडलेलं नाही, तेच जास्त वाईट आहे.” त्यांनी कमरेकडे हनुवटीनं खूण केली. “त्या पिशवीतून काढा. माझे हात असे आहेत.”

गुरुजी इतके लाजले की त्यांचे कान तापले. पण त्यांनी कमरेच्या लहानशा कापडी पिशवीतून शिक्का काढला. लाकडी, करंगळीएवढा, फारसा न वापरलेला.

पोस्टात एका बाजूला उभं राहून लिहायचं फळकुट होतं. गुरुजी तिथं उभे राहिले. हवापाणी लिहिलं नाही. प्रकृतीची विचारपूसही लिहिली नाही.

‘गुक दोकबो यांस. मी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. तुमचा भाला वीस विती होता. भिंतीवर त्याची खूण आहे. योम दलसूनं माझ्यासमोर मोजली. पात्याची शेपटी तुम्ही बसवली त्या पेरावर नव्हती. तुमच्यामागं दुसऱ्यांनी भाला कापला, पातं खाली बसवलं आणि फटीत कागद भरला. त्या कागदावर माझ्या हातची त्याच वर्षीची तारीख आहे. कापणाऱ्यांचं नाव नामगुंग. ज्या हातांनी टोक धरलं त्यांचा शिक्का खाली आहे. तुमची चूक कुठंच नव्हती. माझी होती. मी ग्रंथ वाचला आणि भाला वाचला नाही. हा जबाब मी उद्या पोलीस चौकीतही देणार आहे. मालसुन, हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. आधी दाखव, मग मला काय शिव्या द्यायच्या त्या दे. प्यो इनह्वान.’

पुन्हा वाचलं तेव्हा त्यांना सात ठिकाणी भाषा खटकली. एकही शब्द त्यांनी बदलला नाही.

मग त्यांनी पोस्टाच्या लाल शाईच्या गादीवर वहिनींचा शिक्का दाबला आणि कागदावर उठवला. अक्षरं उमटली : बे ओकनाम. गुरुजी बघत राहिले. चाळीस वर्षं त्यांनी त्या घरी भात खाल्ला होता, आणि या बाईंना स्वतःचं नाव आहे हे आज प्रथमच वाचत होते.

“साधं की तातडीचं?” खिडकीतल्या मुलीनं विचारलं.

“तातडीचं. मोकपोला केव्हा पोचेल?”

“उद्या दुपारी. आज जरा आधी आला असतात तर सकाळच्या गाडीनं गेलं असतं.”

“हो,” गुरुजी म्हणाले. “आधी यायला हवं होतं.”

तिनं ठप्पा मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. गुरुजी तिथंच उभे राहिले. मुलीनं दोनदा त्यांच्याकडे पाहिलं, तिसऱ्यांदा आणखी काही हवंय का म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवली. पोतं बांधलं गेलं, मागच्या दारानं बाहेर गेलं, गाडीत पडलं. धुक्यात गाडीचे मागचे दिवे दिसेनासे झाले, तरी ते काही वेळ रस्त्याकडे तोंड करून उभे होते. आणि मग, कोणत्या दिशेला घर आहे हे आठवल्यासारखे, हळूहळू चालू लागले.